मोहनबाईंच्या नावाची वाटी

अक्कलकुव्यात कोणाच्याही घरी जा, मांडणीवरचं कुठलंही स्टीलचं भांडं उचला. त्यावर जे नाव असेल ते माझ्या हातचं असणार. लग्नात दिलेली कळशी, बारशाचा पेला, कोणाच्या तरी मागे वाटलेल्या ताटल्या, सगळीकडे माझंच अक्षर. माझे मियाँ निजाम कल्हई करतात, चेपलेली भांडी ठोकून सरळ करतात. मी त्यांच्या शेजारी बसून विजेच्या पेननं नावं टाकते. ते पेन इतकं करकरतं की आम्हा नवराबायकोला दिवसभर बोलायची सोय नसते. संसार टिकला तो त्यामुळेच, असं मी सगळ्यांना सांगते.

आमची बसायची जागा मोहनबाईंच्या दुकानाचा ओटा. मोहनबाई म्हणजे भांड्यांच्या दुकानाची मालकीण, जातीनं मारवाडी जैन, माहेर राजस्थानात पालीकडचं. लग्न होऊन इथं आली, ती इथलीच झाली. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, डोंगरातली माणसं आली की थोडी भिलीसुद्धा. नवरा गेल्यावर गल्ला तिनं सांभाळला. मुलगा प्रेमचंद दुकानात बसायचा, पण बसायचाच. पातेलं घ्यायचं, बोटाच्या मागच्या पेरानं ठण्णकन वाजवायचं आणि "हाई नको लई जाऊ, पातळ शे," असं आपल्याच मालाबद्दल गिऱ्हाइकाला सांगायचं, हे मोहनबाईच करू जाणे. प्रेमचंद कपाळाला हात लावायचा.

आणि खाण्यावर जीव! दिवस मावळायच्या आत जेवायची, कांदा-बटाटा शिवायची नाही, पण जे खायची ते असं खायची की बघणाऱ्याला भूक लागावी. तूप घातलेली मुगाची खिचडी हा तिचा जीव की प्राण. पर्युषणात उपास कडक करायची, पण बाकीच्या बायकांसारखं "मला तर काही जाणवतच नाही" असं कधी म्हणायची नाही. दुपारी ओट्यावर येऊन उघड सांगायची, "हाजरा, भूक लागनी. भूक लागनी सांगामा काय पाप शे?" मी म्हणायचे, सेठाणी, रमजानमध्ये मीही हेच म्हणते, पण मनातल्या मनात.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर माझा पट्टा असाच चालू राहील.

एकदा ती दोंडाईच्याला गेली. तिथं तिची थोरली जाऊ आजारी होती. परत आली तेव्हा तोंड इतकंसं झालेलं. दोन दिवस भांडं वाजवलं नाही. मग मला आत बोलावून सांगितलं. जाऊबाई बेशुद्ध होती. घरच्यांनी ठरवलं की आता संथारा द्यायचा. जैनांमध्ये संथारा म्हणजे अन्नपाणी सोडून, देवाचं नाव घेत, शांतपणे देह ठेवायचा. फार मोठं पुण्य. मोहनबाईच्या सासूनं घेतला होता, स्वतः हात जोडून, सगळ्यांची माफी मागून. "त्यास्ना पायवर मी डोकं ठेवं," मोहनबाई म्हणाली, "आजबी ठेवसू. पण जाऊबाईनं कोठे मांगा होता? लोके भजन करी ऱ्हायंतात, आन् तिन्हं तोंड पाणीसाठे उघडी ऱ्हायंतं. मी दखं. मी काहीच बोलनू नही."

एवढं बोलून ती रडली. मोहनबाईला रडताना मी नवरा गेल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

मग तिच्या डोक्यात कागदाचं शिरलं. टीव्हीवर कुठंतरी ऐकलं की माणसाला आधीच लिहून ठेवता येतं: मी शुद्धीत नसले तर माझ्यावर काय उपचार करायचे, काय नाही, आणि माझ्या वतीनं कोण बोलणार. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, झालं. प्रेमचंदला वाटलं म्हातारी दुकानाचं मृत्युपत्र करतेय. तोही कागद तिनं केलाच, पण दोन मिनिटांत: दुकान प्रेमचंदला, दागिने नातसुनेला आणि लेकीला, संपलं. वकिलाला म्हणाली, "मरना नंतर काय करानं ते सांगाले सगळा शेतस. मराना पहिले काय करानं ते कोन सांगी? ते लिखा."

आमचे अजित वकील भला माणूस, पण त्यांचा सगळा जन्म खरेदीखतं आणि भाडेकरार लिहिण्यात गेलेला. त्यांनी असला कागद आयुष्यात केला नव्हता. सवयीनं सुरुवात केली, "सदर मिळकतीच्या चतुःसीमा येणेप्रमाणे..." मोहनबाईनं चष्मा वर केला. "वकीलसाहेब, मन्हा शरीरन्या चतुःसीमा लिखी ऱ्हायनात का? लिखा मग. पूर्वले डोकं, पश्चिमले पाय, मधमा पोट, आन् ते कायम उपाशी." वकील इतके हसले की त्यांच्या टायपिस्टला चहा सांगावा लागला.

साक्षीला भाजीवाली प्रमिलाबाई आणि डोंगरातला रेवजी. रेवजी पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला होता, त्याला तसाच ओढून नेला. सही करताना तो म्हणाला, "सेठाणी, आमच्याकडं माणूस असंच मरतं. तुमच्यात सहीपण लागते?" मोहनबाई म्हणाली, "आमच्यात नातेवाईक जास्त, बाबा."

आणि बोलणारा माणूस म्हणून नाव घातलं माझं.

मी उडालेच. म्हटलं, सेठाणी, डोकं फिरलं का? पोटचा पोरगा सोडून कल्हईवाल्याची बायको? उद्या तुमची माणसं मला उभी करतील का दारात? ती म्हणाली, "प्रेमचंद सोनासारखा शे, पण कोणी मोठा माणूस बोलना की 'जी' म्हणस. तू कोणलेच 'जी' म्हणत नही. हाजरा, तू भांडखोर शे. माले भांडखोरच पायजे." आता याला स्तुती म्हणायचं की शिवी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. कागद मी घरी नेला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. निजाम म्हणाले, भातात शिजवू नकोस म्हणजे झालं.

पुढच्या हिवाळ्यात मोहनबाई दुकानातच कोसळली. हातात पेला होता, तो घरंगळत ओट्यावर माझ्यापर्यंत आला. मेंदूत रक्ताची गाठ, असं डॉक्टर म्हणाले. नंदुरबारला खाजगी दवाखान्यात नेलं. मी बघायला गेले तेव्हा नाकातून नळी, डोळे मिटलेले, पण हात धरला की बोट हलवायची. डॉक्टर म्हणाले, वय आहे, वेळ लागेल, पण आशा आहे, नळीतून पोटात जाऊ द्या. म्हणजे डॉक्टरांचं आणि कागदाचं मत एकच. म्हणून मी कागद काढलाच नाही आणि दुकान बंद होतं म्हणून घरीच कामाला लागले. तुळशीच्या लग्नांनंतरचे दिवस, भांड्यांची रास पडलेली.

आणि एका सकाळी मोहनबाईचा धाकटा नातू रिषभ वाट्यांचं खोकं घेऊन आला. मी तेव्हा आत होते. निजामकडं खोकं आणि मजकुराची चिठ्ठी ठेवून तो गेला. आता आमच्या धंद्यात अक्षर बघतात, मजकूर कोणी बघत नाही. मी बसले, वाटी मांडीत घेतली, पेन चालू केलं. 'स्व.' टाकलं. पुढं बघितलं तर 'मोहनबाई'.

या अल्ला! गेली? आणि मला कोणी सांगितलंही नाही? डोळ्यांतून धारा, आणि हात मात्र चालूच. काय करणार, थांबवला असता तर ओरडले असते. रडत रडत सगळी ओळ पुरी केली: 'स्व. मोहनबाई यांच्या संथारापूर्वक देहत्यागाच्या स्मरणार्थ.' खाली 'दि.' आणि पुढं चिठ्ठीत कोरं.

रिषभ नमुना बघायला आला. मी पदरानं नाक पुसत म्हटलं, "बेटा, तारीख राहिली. कधी गेली रे?"

"नाही चाची," तो म्हणाला, "दादी अजून आहे. सकाळीच घरी आणलंय. तारीख ठरली की सांगतो."

"ठरली की?"

"म्हणजे... आता काही खायला देत नाहीयेत ना. नंतर फार घाई होते, म्हणून पप्पा म्हणाले की वाट्या आधीच..."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोराचा दोष नव्हता, त्याला सांगितलं ते त्यानं केलं. पण जिवंत बाईच्या मरणाची वाटी माझ्या हातून लिहून घेतात, आणि तारीख काय तर लग्नाच्या मुहूर्तासारखी ठरायची आहे! मी तांदळाचा डबा अख्खा पालथा केला. कागद घेतला, वाटी घेतली, आणि चप्पल न घालता निघाले. मागून निजाम ओरडले, "आधी पेन तरी बंद कर!"

मोहनबाईचं घर माणसांनी भरलेलं. सुरतेहून तिचे नंदोई, म्हणजे नणंदेचे यजमान, आले होते; सगळे त्यांना फुफाजी म्हणत. मोठा आवाज, मोठं पोट, मोठा मान. सगळं त्यांनीच ठरवलं होतं. दवाखान्यातून घरच्यांच्या जबाबदारीवर आणलं होतं, नळी काढून. मधल्या खोलीत बायका हळू आवाजात नवकार मंत्र म्हणत होत्या. खाटेवर मोहनबाई. ओठ सुकून पापुद्रे आलेले. आणि तोंड उघडंमिटं होत होतं.

तिनं दोंडाईच्याला जे पाहिलं होतं ते आता मी पाहत होते. मी तेव्हा रडले असते तर संपलंच होतं.

"प्रेमचंदभाई," मी म्हटलं, "हिला पाणी का नाही?"

प्रेमचंदनं फुफाजींकडं पाहिलं. फुफाजी म्हणाले, "बहन, ही आमच्या धरमाची गोष्ट आहे. तुम्ही यात पडू नका."

"धरम तुमचा आहे, फुफाजी. तोंड तिचं आहे. आणि तिच्या तोंडाचं सगळं तिनं लिहून ठेवलंय. नोटरीचा शिक्का आहे."

'नोटरी' म्हटल्याबरोबर बघा काय झालं! नवकार थांबला. स्वयंपाकघरातल्या बायका बाहेर आल्या. ज्यांच्या गुडघ्यांत सकाळपासून दुखत होतं ते सगळे झटक्यात उभे राहिले. फुफाजी स्वतः सरकून पुढं आले आणि माझ्यासाठी जागा केली. मंडळींना वाटलं, दुकानाचा कागद! मी म्हटलं, प्रेमचंदभाई, तुम्हीच वाचा, तुमच्या आईचं आहे.

प्रेमचंद वाचायला लागला. "मी, मोहनबाई, पूर्ण शुद्धीत लिहून देते की, डॉक्टर म्हणतील आशा आहे तोवर मला नळीनं, चमच्यानं, जमेल तसं खाऊ घालावं. खिचडी पातळ करावी, पण तूप कमी करू नये." कोणीतरी खोकलं. फुफाजींचा चेहरा उतरायला लागला. "डॉक्टर म्हणतील आशा नाही, तर श्वासाच्या मशीनवर ठेवू नये. घरी आणावं. लघवीची नळी घातल्यास पाहुण्यांना ती दाखवू नये." नातसून पदरात तोंड घालून हसली की रडली, समजलं नाही. मग प्रेमचंद थांबला. पुढची ओळ त्याला वाचवेना. मी म्हटलं, वाचा.

"मी शुद्धीत नसताना माझ्या नावानं कोणी संथारा जाहीर करू नये. सासूबाईंनी तो मागून घेतला होता. मी मागितला तर माझे पाय धरा. मागितला नाही तर माझं ताट वाढा. प्रेमचंद भोळा आहे, त्याला कोणी दोष देऊ नये."

प्रेमचंद खाटेच्या पायाशी खालीच बसला. लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "मला वाटलं माँचं भलं होतंय," एवढंच म्हणत होता. खोटं नव्हतं ते. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

फुफाजी मात्र हार मानेनात. म्हणाले, महासतीजी येतच आहेत, त्याच काय ते सांगतील. महासतीजी म्हणजे जैन साध्वी, गावातल्या जैन स्थानकात उतरल्या होत्या. त्या आल्या, अगदी बारीक, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी, पाय माझ्यासारखेच अनवाणी. फुफाजींनी भलीमोठी प्रस्तावना केली. महासतीजींनी ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "यांनी मागितला का?"

प्रेमचंदनं नाही म्हणून मान हलवली.

"मग मी कोणाला देऊ?" त्या म्हणाल्या. मांगलिकाचा पाठ ऐकवला, मोहनबाईच्या चेहऱ्याकडं क्षणभर पाहिलं, आणि निघाल्या. दारात माझ्या हातातली वाटी दिसली तेव्हा थांबल्या, वाचली, आणि मुहपत्तीच्या आड काय झालं देव जाणे, पण डोळे हसले.

फुफाजींची गाडी दुपारच्या आत सुरतेच्या रस्त्याला लागली आणि आमची अँब्युलन्स नंदुरबारच्या.

मोहनबाई लगेच उठून बसली असं नाही. फार दिवस गेले. डावी बाजू कायमची लुळी पडली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. पण एके दिवशी घरी नातसून चमच्यानं भरवत होती आणि मी बाजूला बसले होते, तेव्हा तिनं चमचा उजव्या हातानं बाजूला केला आणि अर्ध्या तोंडानं म्हणाली, "तूप कमी शे."

मी इतकी हसले, इतकी रडले की नातसुनेनं मलाच पाणी दिलं.

वाटीची गोष्ट तिच्या कानावर गेलीच. रिषभनंच सांगितली, त्याला पोटात ठेवता आलं नाही. मोहनबाईनं वाटी मागवली. मी म्हटलं, आता मशीनवर घासून काढते, राहू द्या. ऐकते कसली. वाटी डोळ्याजवळ धरली, सवयीनं पेरानं वाजवली. मग 'स्व.'वर बोट ठेवून म्हणाली, "अक्षर बरं शे. तारीख कोठे शे?"

"ती तुम्ही सांगाल तेव्हा टाकेन, सेठाणी."

"टाकशी. घाई नको करू." आणि नातसुनेला फर्मान, "आते मन्ही खिचडी यामाच."

त्या दिवसापासून ती त्या वाटीतच जेवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. फुफाजी दिवाळीला भेटायला आले तर त्यांना त्याच वाटीत शिरा दिला. त्यांनी चमचा उचलला, अक्षरं वाचली, आणि उपास आहे म्हणाले. बाकीच्या कोऱ्या वाट्या दुकानात गेल्या आणि विकल्या गेल्या. त्यातली कुठलीतरी रेवजीच्या पोरीच्या संसारातही आहे.

या उन्हाळ्यात दुसरा झटका आला. नंदुरबारचा तोच दवाखाना, तेच डॉक्टर. पण या वेळी मी हात धरला तर बोट हललं नाही. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. म्हणाले, आता श्वासाचं मशीन लावावं लागेल, आणि खरं सांगतो, त्यातून त्या परत येणार नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनीही बघून तेच सांगितलं.

प्रेमचंद म्हणाला, "लावा! काहीही करा, लावा!" तोच प्रेमचंद. गेल्या वेळी आईला जाऊ देत होता, या वेळी सोडवेना. रिषभनं माझा हात धरला. "चाची, सांग ना लावायला."

आणि मलाही तेच म्हणायचं होतं. खरं सांगते, अगदी तेच. मशीन लागलं असतं तर ती तिथं असती, मी रोज बसनं जाऊन तिला शिव्या दिल्या असत्या. मी आयुष्यभर भांडले, पण त्या खोलीत माझ्यासमोर भांडायला कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणत होते आशा नाही, कागद म्हणत होता मशीन नको, आणि मीच एकटी माझ्या विरुद्ध. मोहनबाईनं माझं नाव घातलं होतं ते प्रेमचंदशी भांडायला नव्हे, हे मला तेव्हा कळलं. माझ्याशी भांडायला घातलं होतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "नको."

एवढा छोटा शब्द. तोंडातून निघता निघेना.

घरी आणलं. कोणी काही जाहीर केलं नाही. नातसून कापसानं ओठ ओले करत राहिली, प्रेमचंद पाय चेपत राहिला, महासतीजी येऊन मांगलिक ऐकवून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानं उघडायच्या वेळेला, ती गेली. तोंड मिटलेलं होतं.

मी ओट्यावर आले. वाटी धुतली, पुसली, मांडीत घेतली. निजामनी पेनची वायर लावून दिली. 'दि.'च्या पुढं तारीख टाकली. आणि 'संथारापूर्वक' तेवढं घासून काढलं, कारण तिनं तो मागितला नव्हता, आणि खोटं माझ्या अक्षरात राहायला नको.

प्रेमचंदनं वाटी मागितली. आईची आठवण आहे म्हणाला. मी म्हटलं, तुमच्याकडं अख्खं दुकान आहे. बराच वेळ भांडलो आम्ही. वाटी माझ्याकडं आहे.